जाड तारेची हाक

ती गेल्याचं ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी तो निरोप माझ्याच अंगावर वाजला.

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. पत्र्याचा, बुटका, एका बाजूला पोचा पडलेला. ड्रम वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये जो बसतो आणि सगळ्यात जास्त मार खातो, तो मी. मला स्नेअर म्हणतात. माझ्या पोटाखाली वळणावळणाच्या बारीक तारांचा एक पट्टा असतो. वर काठी पडली की खाली पट्टा थरथरतो, म्हणून मी नुसता ढप्प वाजत नाही, खर्र करून फुटतो.

माझा मालक इस्पितळातून, बायकोच्या उशाशी बसून, घरी आला होता. अंघोळ करायची आणि तिचे धुतलेले कपडे घेऊन परत जायचं, एवढंच काम होतं. खिशातला फोन काढून त्याने माझ्यावर ठेवला. ही त्याची जुनी खोड. किल्ल्या, चष्मा, चहाचा कप, सगळं माझ्यावर. "तो टेबल नाहीये रे," म्हणून तिने त्याला किती वेळा झापलं असेल!

तो आत गेला आणि नळ सुरू झाला. मग फोन आला. फोनचा आवाज बंद होता, तो नुसता थरथरला. त्याच्याबरोबर माझा पट्टाही थरथरला. खर्रर्र. नळ बंद झाला आणि आतून त्याचा आवाज आला.

"आलो गं, आलो! थांब जरा!"

फोन थांबला, पुन्हा थरथरला. ओली पावलं जवळ आली. त्याने फोन उचलला, "हो, मीच बोलतोय," म्हणाला आणि फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. त्याच्या कोपरावरून साबणाचं पाणी माझ्यावर ठिबकत राहिलं.

तो 'आलो गं' असं का म्हणाला, हे तुम्हांला कळायचं तर मला माझी गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका माणसाने पत्रा गोल वळवला, दुसऱ्याने सांधा जोडला, एका बाईने कडेने भोकं पाडून स्क्रू बसवले. वर पांढरा पडदा ताणला. तो असतो प्लास्टिकचा, पण सगळे त्याला कातडंच म्हणतात, तर मीही तेच म्हणेन. शेवटी कडेला एक छोटा खटका लावला. खटका वर असला की तारांचा पट्टा माझ्या पोटाला चिकटतो आणि मी बोलतो. खटका खाली पाडला की पट्टा सुटून लोंबतो आणि मी मुका होतो. वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. हा खटका लक्षात ठेवा.

आधी मी एका शाळेच्या बँडमध्ये होतो. मुलांनी मला प्रेमाने बडवलं. जिन्यावरून घरंगळलो तो तिथेच. पुढे नवे ड्रम आले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या पंख्यांच्या खाली जाऊन पडलो. बरेच दिवस माझ्यावर धूळ सोडून दुसरं कोणी बसलं नाही.

एके दिवशी एक उंच माणूस आला. दुकानदार प्रामाणिक होता. "पोचा आलाय हं त्याला, बघून घ्या."

त्या माणसाने कपाळावरचे केस मागे सारून एक जुनी खूण दाखवली. "मलाही आलाय. लिफ्टचं दार लागलं होतं."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत उभं राहून वर-खाली जाणाऱ्या दोरांचे आवाज ऐकायचा. त्याची बायको त्याला ढम्या म्हणायची, म्हणून मीही ढम्याच म्हणतो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अंगाने एवढीशी होती, म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा. या मुंगीच्या गळ्यात तिच्याएवढीच लांब बास गिटार असायची. बास म्हणजे जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानांच्या आधी पोटात ऐकू येतो.

तेव्हा त्यांचा चौघांचा बँड होता. त्यांतला गाणारा नोकरीसाठी परगावी गेला. गिटारवाल्याचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोला आवाज सोसेना. उरले दोघं. त्या दोघांचंही लग्न झालेलं होतं, पण एकमेकांशीच, त्यामुळे त्यांना पळायला जागा नव्हती.

"दोघांत काय होणार?" ढम्या म्हणाला.

"भांडण तर होतं ना? मग गाणंही होईल."

त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतीला जुन्या गाद्या टेकवलेल्या. एका कोपऱ्यात आम्ही ड्रम, समोर मुंगीचा स्पीकरचा पेटारा. पहिल्या दिवशी मुंगीने सगळ्यात जाड तार छेडली आणि मला कोणी हातही न लावता मी खरखरलो.

यात जादू काही नाही, मित्रांनो. खोल आवाज हवेतून येतो आणि माझा पट्टा हलवतो. सगळे ड्रमवाले याला वैतागतात. ढम्याही वैतागला.

"छे! हा खटारा नुसता खरखरतोय. थांब, खटका पाडतो."

"अरे थांब की. हात काढ आधी." मुंगीने गिटारची खुंटी थोडी पिळली आणि तार पुन्हा छेडली. मी थोडा जास्त खरखरलो. तिने खुंटी अजून सैल केली. आवाज अजून खाली उतरला आणि माझ्या अंगभर असा काटा आला की माझ्यावरची ढम्याची किल्ली उडून खाली पडली.

"सापडला!" मुंगी टाळी वाजवून म्हणाली. "इथे गुदगुल्या होतात त्याला."

"अगं, पण तार बेसूर झाली ना."

"कोणाच्या मते? इथे तिसरं आहे कोण?"

त्या दिवसापासून मुंगीने सूर लावायचं यंत्र वापरलं नाही. ती मलाच विचारायची. दमट हवेत माझं कातडं सैल पडतं, कोरड्या हवेत ताणतं, म्हणून माझी गुदगुल्यांची जागा रोज थोडी सरकते. मुंगी रोज नव्याने खुंटी पिळत मला शोधायची. मी ओ दिली की थांबायची. तिचा सूर कुठला, असं कोणी विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

बाकीचे बँड गाणं सुरू करताना एक, दोन, तीन, चार मोजतात. या दोघांनी कधी मोजलं नाही. मुंगी जाड तार छेडायची. ढम्याच्या हातांखाली मी आपोआप खरखरायचो. ते ऐकलं की ढम्या तोंडातल्या तोंडात "आलो" म्हणायचा आणि त्याच्या काठ्या माझ्यावर पडायच्या. तिने हाक मारायची, मी ओ द्यायची, त्याने यायचं. अशी आमची रीत होती.

आणि मग जे सुरू व्हायचं ते काय सांगू! एक बास, एक गळा आणि आम्ही मोजके ड्रम. बाकी काही नाही. वेग मात्र असा की ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवर ठरू नये. मुंगी गायची कमी, ओरडायची जास्त. दोघांचाच बँड नवा होता तेव्हा ढम्याला वाटायचं, माणसं दोनच आहेत तर आपण चौघांचं वाजवलं पाहिजे. तो सगळीकडे काठ्या फिरवायचा.

"भरू नकोस रे," मुंगी म्हणायची. "तिथे मोकळं ठेव. लोक तिथेच तर पाय टाकतात."

हळूहळू तो शिकला. वाजवण्याइतकंच न वाजवणंही त्याला जमू लागलं. धडधड, धडधड, आणि मध्येच एक भोक. त्या भोकात सगळी खोली एकदम उडी मारायची.

खालच्या घरात एक काकू राहायच्या. आवाज फार झाला की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. एकदा ढम्या गाण्यातलं भोक सोडून थांबला आणि नेमकं त्याच वेळी खालून ठक ठक आलं. मुंगी हसून हसून खाली बसली. त्या गाण्यात तेवढी जागा मग काकूंसाठीच राखून ठेवली. बँडचं नावही 'वरचा मजला' ठेवलं. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "नाव अगदी बरोबर ठेवलंत. तुमचा वरचा मजला रिकामाच आहे."

आमचे चांगले दिवस आले. गोदामात वाजवलं, गाड्या ठेवायच्या तळघरात वाजवलं, एका छोट्या सभागृहात वाजवलं तिथे छताचा चुना लोकांच्या डोक्यावर पडला. ध्वनिव्यवस्था बघणारे येऊन म्हणायचे, "ताई, तुमचा ड्रम खरखरतोय, चिकटपट्टी लावू का?" मुंगी म्हणायची, "तो बोलतोय. तुम्हांला कोणी लावली तर चालेल का?" एका ठिकाणी ऐन गाण्यात वीज गेली. बास मुकी झाली, अंधार झाला, पण ढम्या थांबला नाही. मुंगी चाचपडत आली आणि तिने माझ्या कातड्यावर तळहात ठेवला. ढम्या तिच्या बोटांच्या कडेकडेने वाजवत राहिला. वीज येईपर्यंत तिचा हात तिथेच होता. काठी तिला एकदाही लागली नाही.

त्या दोघांना मूल नव्हतं. नातेवाईक विचारायचे, तेव्हा मुंगी माझ्याकडे बोट दाखवायची. "हा काय, एक आहे. रडका आहे."

मग तिला खोकला लागला. साधा वाटला, पण गेला नाही. ती गाणं म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि ढम्या तिथे भोक असल्यासारखा वाजवत राहायचा. इस्पितळात जायच्या सकाळीही तिने पेटारा सुरू केला, खुंटी पिळली आणि मला विचारलं. मी ओ दिली. तिने गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"आले की लगेच वाजवू. खुंट्यांना हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय?"

"आणि त्याच्यावर कप ठेवू नकोस."

हे तिचं या खोलीतलं शेवटचं बोलणं. पुढे ती सकाळ आली. ती मी तुम्हांला सांगितलीच आहे.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस सांगायला मला अवघड जातं. माणसं भेटून गेली, खोली रिकामी झाली. पण माझा खटका वरच होता. खाली रस्त्यावरून ट्रक गेला की मी खरखरायचो. पाण्याचा पंप सुरू झाला की खरखरायचो. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरला तरी माझा पट्टा हलायचा. आणि दर वेळी ढम्या असेल तिथून उठून यायचा. हातातलं ताट ठेवून, अर्धी दाढी करून. दारात उभा राहायचा. गिटारकडे बघायचा. ती भिंतीला टेकलेली असायची, मुंगीचा स्वेटर तिच्या मानेवर लटकलेला. कधीकधी तो हळूच "आलो" म्हणायचा आणि आपल्याच आवाजाने दचकायचा.

मला गप्प राहता येत नव्हतं. माझ्या अंगावर येईल त्याला मी ओ देतो. मला ट्रक आणि मुंगी यांतला फरक कळतो, पण तो सांगता येत नाही.

एका दुपारी पंप सुरू झाला. ढम्या आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा रे, पुरे आता." त्याने खटका खाली पाडला. पट्टा सुटला. मी मुका झालो. माझ्यावर कापड पडलं. जुन्या सामानाच्या दुकानात होतो तेव्हाही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

मुंगीचा धाकटा भाऊ शाळेत संगीत शिकवतो. तोही बास वाजवतो, पण शिस्तीत. ओळखीच्या मंडळींनी मुंगीच्या आठवणीचा एक कार्यक्रम ठरवला. त्यात 'वरचा मजला'ची गाणी व्हावीत, बास भावाने वाजवावी, असं ठरलं. ढम्या हो म्हणाला. कसा म्हणाला कोण जाणे.

तालमीच्या आदल्या दिवशी ढम्या कामावर असताना भाऊ आला. काकूंकडून त्याने किल्ली घेतली. गिटारवरचा स्वेटर त्याने घडी करून खुर्चीवर ठेवला, गिटार पुसली, आणि पुसताना नाक ओढत होता ते मी कापडाखालून ऐकलं. तारा गंजल्या होत्या. त्याने त्या काढल्या. नवीन चढवल्या. यंत्र लावून प्रत्येक तार अचूक सुरात आणली. बहिणीची वस्तू पहिल्यासारखी करून ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मी सगळं ऐकत होतो. खटका पडलेला होता. ओरडायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ढम्या माझ्यासमोर बसला. त्याने कापड काढलं आणि खटका वर केला. नव्या तारा त्याने पाहिल्या की नाही, मला माहीत नाही. त्याने काठ्या उचलल्या आणि वाट बघू लागला.

भावाने जाड तार छेडली. स्वच्छ, गोल, अचूक आवाज आला. माझ्यावरून निघून गेला. माझा पट्टा हलला नाही.

भावाने पुन्हा छेडली. पुन्हा. ढम्याच्या काठ्या हवेतच.

"भावोजी, या ना."

"बोलावलं कुठे अजून?"

"काय?"

"तिने बोलावलं नाही अजून." ढम्याने खाली माझ्याकडे पाहिलं, मग गिटारकडे. "तारा बदलल्यास?"

"गंजल्या होत्या, भावोजी. सूरही पार उतरला होता, म्हणून मी..." भावाचा आवाज बारीक झाला. "उतरला नव्हता का?"

ढम्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग रेकॉर्डवरून लावतो. त्यात आहे ना तिचा आवाज." त्याने फोनवर त्यांचं जुनं गाणं लावलं, कान देऊन तार जुळवली आणि छेडली. तो आवाज मुंगीचाच होता, पण त्या दिवसाचा. त्या दिवशी हवा वेगळी होती, माझं कातडं वेगळं होतं. मी खूप प्रयत्न केला, मित्रांनो. पण प्रयत्न करून खरखरता येत नाही.

"कुठला सूर होता ताईचा?" भाऊ रडकुंडीला आला होता.

"मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हता. ती ह्याला विचारायची."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. "मग विचारू या की. तुम्ही ऐका, मी खुंटी पिळतो." त्याचा हात खुंटीकडे गेला.

"नको," ढम्या म्हणाला. "आज नको."

"का पण?"

"नाही बोलला तर?" ढम्याने काठ्या माझ्यावर आडव्या ठेवल्या. "आणि बोलला तर मी आलो म्हणणार. मग कुठे जाऊ?"

मग भावाने तार यंत्राने पुन्हा त्याच्या अचूक सुरात आणली, कारण चुकीचं काहीतरी ठेवून जाणं त्याला जमेना. जुन्या तारांचं वेटोळं त्याने ढम्याच्या हातात दिलं. कार्यक्रमात लोक मुंगीबद्दल बोलले. गाणी झाली नाहीत.

पण तालमीच्या त्या दिवशी ढम्या एक गोष्ट विसरला किंवा मुद्दाम केली नाही. त्याने माझा खटका खाली पाडला नाही. ट्रक गेला की मी पुन्हा खरखरतो. तो आता धावत येत नाही. जिथे असेल तिथे थांबतो आणि पुरतं ऐकून घेतो.

परवा खालच्या काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"वाजवा हो काहीतरी," म्हणाल्या. "माझ्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मेली झोप येत नाही."

"तुम्हीच ठोकायचात ना, काकू?"

"नाही ठोकणार. शप्पथ."

"नाही, ठोकायचंच," ढम्या म्हणाला. "ते गाण्यातलं आहे."

काकू खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून ठक ठक आलं. वर काहीच वाजत नव्हतं, तरी आलं. माझा पट्टा हलला. ढम्या उठला, माझ्यासमोर येऊन बसला. समोरची गिटार त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्याने पेटाऱ्याचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, पेटारा गुणगुणू लागला. त्याचा हात खुंटीपर्यंत गेला आणि तिथे राहिला. मग त्याने बटण बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुठलं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा. त्याच्यावर कप ठेवू नका. आणि ते दुसऱ्या कोणाचं असेल, तर त्याला नीटनेटकं करण्याआधी विचारा की त्याचा माणूस त्याला कसा ठेवायचा. गंज पुसता येतो, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही पुसलं जातं. मला राग नाही कोणाचा. भावाचा तर नाहीच.

मला भीती वेगळी आहे. माझं कातडं जुनं झालंय. कडेला एक बारीक चीर पडली आहे. आज कोणी खुंटी हळूहळू सैल करत आणली, तर कुठे थांबायचं हे मी अजून सांगू शकतो. कातडं फाटलं, नवीन चढवलं, की तोही एक ड्रमच असेल, खरखरेलही, पण मुंगीने जिथे गुदगुल्या शोधल्या, तो मी नसेन.

ढम्या रोज संध्याकाळी कामावरून येतो, किल्ल्या खिशातच ठेवतो, माझ्यावर ठेवत नाही. खुर्ची ओढून बसतो. स्वेटर पुन्हा गिटारच्या मानेवर आहे. माझा खटका वर आहे.

जाड तारेची खुंटी अजून कोणी पिळलेली नाही.